शब्दांचा भाव सांगणारी साधने : पैसे मोजावेत की नाही?

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. हंगामाचा माल भरण्याआधी व्यापारी चार ठिकाणी विचारपूस करतो. दलालाला विचारतो, अडत्याला विचारतो, किरकोळ दुकानदाराला विचारतो. यंदा कोणता रंग चालणार, कोणता पन्हा मागतात, गिऱ्हाईकाचा हात कोणत्या भावापर्यंत जातो, याचा अंदाज घेतल्याशिवाय जो माल भरतो त्याचा माल पुढच्या हंगामापर्यंत मांडणीवर धूळ खात पडतो.

आता आपल्या मुलांनी एक नवे दुकान उघडले आहे. ते इंटरनेटवर आहे. तिथे मालाचे फोटो असतात आणि त्याबरोबर लेखही असतात. हिमरू कसे धुवावे, मश्रू कसे ओळखावे, कारखान्याचा टॉवेल आणि हातमागाचा टॉवेल यांत फरक काय, अशा विषयांवर लिहिलेले वाचून गिऱ्हाईक दुकानापर्यंत येते. या लिखाणाला ब्लॉग म्हणतात. लिहिण्याआधी लोक गुगलवर नेमके कोणते शब्द टाकून शोधतात हे पाहावे लागते. त्या शब्दांना कीवर्ड म्हणतात, आणि ते शोधून देणारी साधने महिन्याच्या वर्गणीवर मिळतात.

माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी येऊन सांगितले, "चाचा, हे साधन घेतल्याशिवाय आपले लेख कोणी वाचणार नाही." वर्गणीचा आकडा ऐकून मी दचकलो. तेवढ्या पैशांत आमच्या दुकानात पॅकिंगला अर्ध्या दिवसाचा एक मुलगा ठेवता आला असता. तरी मी होकार दिला. त्यातून जो तजुर्बा मिळाला तो व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

साधन नेमके काय देते?

समजा आपण "हिमरू शाल" हा शब्द टाकला. साधन सांगते की हा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो, त्याच्या जोडीने कोणते शब्द शोधले जातात, आणि या शब्दावर गुगलच्या पहिल्या पानावर येणे किती अवघड आहे. कोणाच्या संकेतस्थळावर कोणत्या शब्दांमुळे लोक येतात हेही ते दाखवते. सेमरश ही 2008 साली सुरू झालेली आणि एहरेफ्स ही 2010 साली सुरू झालेली कंपनी या कामात नावाजलेली आहे.

हे सगळे उपयोगाचे आहे यात शंका नाही. हिमरू हा शब्द कोणी इंग्रजीत एका तऱ्हेने लिहितो, कोणी दुसऱ्या. कोणी "औरंगाबाद हिमरू" म्हणतो, तर शहराचे नाव 2023 साली बदलल्यानंतर कोणी नव्या नावाने शोधतो. गिऱ्हाईकाच्या तोंडी कोणता शब्द आहे हे कळले तर पाटीवर तोच शब्द लिहिता येतो. पण आकडा विकत घेण्याआधी तो कुठून आला हे व्यापाऱ्याने विचारलेच पाहिजे.

आकडा कुठून येतो?

गुगलकडे स्वतःचे एक साधन आहे, कीवर्ड प्लॅनर. ते जाहिरात देणाऱ्यांसाठी आहे आणि फुकट आहे. 2013 साली गुगलने आपले जुने साधन बंद करून हे आणले. यातला आकडा मागच्या बारा महिन्यांची सरासरी असतो. जो जाहिरातीवर पैसे खर्च करत नाही त्याला तर नेमका आकडा मिळत नाही. शंभर ते हजार, हजार ते दहा हजार, असा पट्टा तेवढा दिसतो. शिवाय जवळजवळ सारख्या शब्दांची बेरीज करून तो एकच आकडा दाखवतो.

पैसे घेणाऱ्या कंपन्या गुगलचे हेच आकडे आधाराला घेतात आणि त्यात लोकांच्या ब्राउजरमधून गोळा केलेल्या माहितीची भर घालून आपला अंदाज बांधतात. अशी माहिती गोळा करून विकणारी जंपशॉट नावाची कंपनी होती. ती अवास्ट या व्हायरसरोधक कंपनीची होती. लोकांच्या खाजगी माहितीचा प्रश्न निघाला आणि जानेवारी 2020 मध्ये ती बंद करावी लागली. म्हणजे आकड्याची मुळे किती कच्च्या जमिनीत असू शकतात ते दिसते. साधनात दिसणारा आकडा अंदाज असतो, मोजणी नसते. म्हणूनच एकाच शब्दाला दोन साधने दोन वेगळे आकडे दाखवतात.

"अवघडपणा"च्या आकड्याचे तर विचारूच नका. आपल्याकडे सुताचा नंबर ठरलेला असतो. एका पौंडात 840 वारांच्या चाळीस लडी बसल्या की ते चाळीस नंबरचे सूत. ते मालेगावात चाळीस, भिवंडीत चाळीस आणि कोइम्बतूरलाही चाळीसच. साधनातला अवघडपणा तसा नसतो. एहरेफ्स तो मुख्यतः पहिल्या पानावरच्या लेखांकडे बाहेरची किती संकेतस्थळे बोट दाखवतात यावरून काढते. दुसरी कंपनी आपला वेगळा हिशेब लावते. गुगल स्वतः यातला कोणताही आकडा वापरत नाही. तेव्हा एका साधनातला तीस आणि दुसऱ्यातला तीस हे एक माप नव्हे.

आमची चूक

आम्ही घेतलेल्या साधनाने इंग्रजीतले काही शब्द दाखवले. ठोक सुती कापड, सुती कापडाचा भाव, अशा अर्थाचे ते शब्द होते. आकडे मोठे होते. पुतण्याने त्यावर एकामागून एक लेख लिहिले. महिने गेले. आमचे लेख पहिल्या पानावर तर नाहीच, पाचव्या पानावरही सापडेनात. पुढे कोण बसले होते ते पाहिले तर देशभर माल पोहोचवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या. घाऊक पेठेच्या तोंडावर ज्यांच्या दहा-दहा गाळ्यांच्या पेढ्या आहेत, त्यांच्यासमोर आम्ही फुटपाथवर पथारी पसरली होती. यात दोष साधनाचा कमी आणि आमच्या हावेचा जास्त होता.

याच दिवसांत हैदराबादहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना शेरवानीसाठी मश्रू पाहिजे होते. त्यांनी भाव विचारला नाही. आधी विचारले, "तुमच्या मश्रूत ताणा खऱ्या रेशमाचा आहे की रेयॉनचा?" प्रश्न वाजवी होता. मश्रूचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. साटीन विणीमुळे रेशीम वरच्या बाजूला राहते आणि अंगाला सूत लागते. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य असल्याने ही वीण आपल्या लोकांत रूढ झाली, आणि शरीयतने परवानगी दिलेले या अर्थाने तिला नावही तसेच मिळाले. आज मश्रू मुख्यत्वे गुजरातेत पाटणच्या बाजूला विणले जाते, आणि बऱ्याच मालात रेशमाच्या जागी रेयॉन असते. ते सांगून विकणे आणि लपवून विकणे यांत हलाल-हरामचा फरक आहे.

मी पुतण्याला म्हणालो, "या प्रश्नावर लिही." त्याने साधनात पाहिले. आकडा शून्य. तो म्हणाला, "चाचा, हे कोणी शोधतच नाही." मी म्हणालो, "आत्ता ज्यांनी फोन केला ते कोण होते?" मग आम्ही दोघांनी बसून लेख लिहिला. धागा जाळून रेशीम कसे ओळखावे, रेयॉन कसे जळते, आमच्या कोणत्या मालात काय आहे, हे सरळ लिहिले. मसल्याचा भाग मात्र आलिमांना विचारावा असे सांगून सोडून दिला. त्या एका लेखाने जेवढी चौकशी आणली तेवढी बाकी सगळ्या लेखांनी मिळून आणली नाही. त्यातली काही गिऱ्हाइके आज कायमची आहेत, अल्हम्दुलिल्लाह.

यातला धडा असा की साधनातला शून्य म्हणजे बाजारातला शून्य नव्हे. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध पूर्वी कधीच झालेले नसतात, असे गुगलनेच सांगितलेले आहे. जे कधी विचारलेच गेले नाही त्याचा आकडा कोणते साधन देणार? मराठीत किंवा उर्दूत शोधणाऱ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. आपले लोक एकच शब्द कधी देवनागरीत, कधी उर्दू लिपीत, तर कधी इंग्रजी अक्षरांत लिहितात. इंग्रजीच्या मानाने आपल्या भाषांचे आकडे या साधनांत फार विरळ असतात.

रमजानचा हिशेब

आपल्या धंद्यात आणखी एक बाब आहे, जी ही साधने बनवणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. आपला मोठा हंगाम चंद्राच्या हिशेबाने चालतो. ईदुल-फित्र आपल्या देशात 2024 साली 11 एप्रिलला झाली आणि 2025 साली 31 मार्चला. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2030 साली तर रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. साधन मात्र इंग्रजी महिन्यांनी बोलते. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये कुर्त्याच्या कापडाचा शोध वाढला म्हणून यंदाही एप्रिलची वाट पाहणारा व्यापारी ईद होऊन गेल्यावर लेख छापील. बारा महिन्यांच्या सरासरीत तर हंगाम दिसतच नाही. दोन आठवड्यांचा पूर वर्षभराच्या पाण्यात मिसळून जातो. यासाठी वर्गणीच्या साधनापेक्षा भिंतीवरचे हिजरी कॅलेंडर जास्त कामाचे आहे.

खर्चाचा खरा आकडा

आता वहीत मांडणी करू. नावाजलेल्या साधनांच्या नेहमीच्या योजनांची वर्गणी महिन्याला शंभर डॉलरच्या वर असते. त्याहून स्वस्त, हात राखून माहिती देणाऱ्या योजनाही आहेत. हिशेबासाठी शंभर डॉलर आणि डॉलरचा भाव 90 रुपये धरू. महिन्याला 9,000 रुपये, वर्षाला 1,08,000 रुपये. परदेशी सेवेवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 19,440 रुपये. एकूण 1,27,440 रुपये.

ज्याची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची आहे तो हा कर स्वतः उलट आकारणीने भरतो आणि पुढे वळता करून घेऊ शकतो. पण आपले बरेच छोटे व्यापारी कंपोझिशन योजनेत आहेत. त्यांना कर वळता करून मिळत नाही, तो अंगावर बसतो. नोंदणीच नसलेल्या कारागिराचेही तेच.

समजा एका शालीमागे सगळा खर्च जाता 150 रुपये हातात राहतात. तर वर्गणी फिटण्यासाठी वर्षाला 850 शाली जादा विकाव्या लागतील, म्हणजे महिन्याला सुमारे 71. आधीच ज्या विकल्या जात होत्या त्या यात धरायच्या नाहीत. केवळ साधनामुळे विकल्या गेल्या तेवढ्याच धरायच्या. ज्याचा माग महिन्याला एवढ्या शाली विणूच शकत नाही, त्याने ही वर्गणी भरणे म्हणजे इस्राफ होय, दुसरे काही नाही.

आणखी एक सावधगिरी. ही वर्गणी कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर 2021 पासून लागू झाला. त्याप्रमाणे अशी कपात होण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवावे लागते. सुरुवातीला 5,000 रुपयांवरच्या कपातीला दर वेळी संमती लागत असे, ती मर्यादा 2022 साली 15,000 रुपये झाली. म्हणजे आपली 9,000 ची वर्गणी दर वेळी न विचारता कापली जाऊ शकते. बँकेचा संदेश न वाचता पुसून टाकण्याची सवय असेल तर ती सोडावी. आमचे दोन महिन्यांचे पैसे केवळ या आळसात गेले.

फुकटात काय मिळते?

वर्गणी भरण्याआधी पुढील गोष्टी वापरून पाहाव्यात. यांना पैसे लागत नाहीत.

पहिली, गुगलची शोधपेटी. "हिमरू" टाइप करून थांबा. खाली जे शब्द आपोआप येतात ते लोकांनी शोधलेले असतात. यूट्यूबच्या पेटीतही तसेच करून पाहा. निकालांच्या मध्ये लोकांचे नेहमीचे प्रश्न दिलेले असतात, तेही उतरवून घ्या.

दुसरी, गुगल ट्रेंड्स. हे साधन 2006 पासून आहे. यात एकूण किती शोध झाले ते कळत नाही, शून्य ते शंभर असा चढउतार दिसतो. पण महाराष्ट्रापुरते पाहता येते आणि दोन शब्दांची तुलना करता येते. रमजानचा चढ कधी सुरू होतो तो इथे डोळ्यांना दिसतो.

तिसरी आणि सर्वांत मोलाची, गुगल सर्च कन्सोल. हे आपल्या स्वतःच्या संकेतस्थळाची वही आहे. कोणत्या शब्दावर आपला लेख किती वेळा दिसला, किती जणांनी उघडला, सरासरी कितव्या जागी होता, हे मागच्या 16 महिन्यांपर्यंतचे मिळते. फार क्वचित विचारलेले शब्द गुगल त्यातून वगळते, पण जे दाखवते ते अंदाज नसून गुगलचीच नोंद असते. ज्या शब्दावर आपण अकराव्या-बाराव्या जागी आहोत तो लेख सुधारावा, म्हणजे कमी कष्टात पहिल्या पानावर येण्याची आशा असते. एहरेफ्सही संकेतस्थळाच्या मालकाला स्वतःच्या संकेतस्थळापुरती काही माहिती फुकट देते.

चौथी, आपला फोन. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर ज्या शब्दांत विचारते तेच त्याचे कीवर्ड. रंग जाईल का, धुतल्यावर आकसेल का, एका कुर्त्याला किती लागेल. असे प्रश्न महिनाभर एका वहीत लिहून ठेवा. ही वही जगातली कोणतीही कंपनी विकू शकत नाही.

मग पैसे कोणी मोजावेत?

याचा अर्थ ही साधने निरुपयोगी आहेत असा नाही. ज्याचा धंदाच लिहिणे आहे, जो आठवड्याला अनेक लेख लिहितो आणि जाहिरातीवर किंवा कमिशनवर कमावतो, त्याला ती सुताराच्या करवतीसारखी आहेत. जो दहा दुकानांचे काम पाहतो त्याचा खर्च दहा ठिकाणी वाटला जातो. जो जाहिरातीवर महिन्याला मोठी रक्कम घालतो त्याला चुकीचा शब्द टाळता आला तरी वर्गणी वसूल होते. इंग्रजीत लिहून परदेशी माल पाठवणाऱ्यालाही फायदा आहे, कारण तिथले आकडे भरगच्च असतात.

मधला मार्गही आहे. एका महिन्याची वर्गणी घ्यावी. त्याआधी आपल्या मालाच्या शब्दांची यादी तयार ठेवावी. त्या महिन्यात सगळी माहिती उतरवून घ्यावी आणि वर्गणी बंद करावी. वर्षभर लिहायला तेवढे पुरते. विहिरीची जागा पाहायला पाणाड्या एकदा बोलावतात, त्याला वर्षभर पगारावर ठेवत नाहीत.

एक वाट मात्र धरू नये. एकाच माणसाच्या नावाचे खाते पन्नास जणांत वाटून चार-पाचशे रुपयांत विकणारे लोक बाजारात आहेत. कंपन्यांच्या अटींत याला मनाई आहे. खाते कधीही बंद पडते आणि दिलेले पैसे बुडतात ते वेगळेच. पण पैसे बुडाले नाहीत तरी करार मोडून घेतलेली ती वस्तू आहे. माप कमी देणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. जो समाज मापाबद्दल एवढा जागरूक असायला हवा, त्याने दुसऱ्याच्या मापातून चोरून घेऊ नये.

हवा बदलते आहे

शेवटी एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्ट 2024 पासून गुगलने भारतात इंग्रजी आणि हिंदीत निकालांच्या वर स्वतःच यंत्राने तयार केलेले उत्तर देणे सुरू केले. "हिमरू म्हणजे काय" असे विचारणाऱ्याला तिथेच उत्तर मिळते, तो खालचा लेख उघडतोच असे नाही. म्हणजे साधनात हजार शोध दिसले तरी हजार माणसे दारात येतील हा हिशेब आता आणखी कच्चा झाला आहे. व्याख्या सांगणाऱ्या लेखांपेक्षा आपल्या हातच्या मालाविषयीच्या, आपणच देऊ शकू अशा माहितीला आता जास्त मोल आहे. कोणत्या मागावर विणले, कोणत्या सुताचे, धुतल्यावर किती आकसले, हे कारागिराशिवाय कोण सांगणार?

आम्ही वर्गणी बंद केली त्याला आता वर्ष झाले. पुतण्या अधूनमधून एका महिन्यापुरती घेण्याविषयी बोलतो, आणि नवा माल येईल तेव्हा घेऊही, इन्शाअल्लाह. तोवर गल्ल्याशेजारी एक चाळीस पानी वही ठेवली आहे. गिऱ्हाइकाने जे विचारले ते त्यात उतरते, आणि दर जुम्याला नमाजनंतर आम्ही दोघे ती उघडून पुढचा लेख कशावर लिहायचा ते ठरवतो.